माझ्या पायाचं कोणी ठरवायचं?

माझा डावा पाय गुडघ्याखाली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्या बाईने "शेवटी वाचला का गं पाय?" म्हणून जीव टांगणीला लावायला नको. पाय गेला, मी राहिले. लाकडी खुंटा बांधून मैसूरजवळच्या बन्नूरच्या घरात टकटक करत फिरते, चुलीपुढे बसते, आणि उठताना देवाचं नाव घेण्याऐवजी तोंडातून भलतंच काहीतरी निघतं.

हल्ली माझ्या ओसरीवर बायका येतात. पदराने तोंड झाकून विचारतात, "अज्जी, कापताना दुखतं का?" कुणाच्या छातीत गाठ आहे, कुणाच्या सासूच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. दुखण्याचं मी सांगते. पण माझ्या आजारात मला सगळ्यांत जास्त जे लागलं ते कापण्याचं दुखणं नव्हे, आणि ते एका बैठकीत सांगून होत नाही. म्हणून लिहायला घेतलं. वडिलांनी मला पोथी वाचण्यापुरती बाळबोध अक्षरं शिकवली होती. हात सावकाश चालतो. भाषाही आमची अशीच, अर्धी मराठी, अर्धी कन्नड. आमचे पूर्वज घोड्यावर बसून इकडे आले आणि मैसूरच्या महाराजांच्या पदरी राहिले. घरात मराठी उरली, उंबऱ्याबाहेर सगळं कन्नड. पुण्याकडच्या माणसाला हसायचं तर त्याने खुशाल हसावं.

काटा

माझे यजमान रिसाल्यात दफेदार होते. ते गेले तेव्हा मुलगा यशवंत मैसुरात शिकत होता आणि धाकटे दीर सोनोजीरावही रिसाल्यातच नोकरीत होते. मग बन्नूरची इनामाची जमीन, थोडं भात, थोडा ऊस, ही पाहणार कोण? मीच पाहायला लागले. आमच्यात बायकांना गोषा असतो. परक्या पुरुषापुढे यायचं नाही, गाडीला पडदा, घराला पडदा. पण उसाला कसला पडदा लावणार, सांगा! बन्नूरला मी बांधावर उभी राहून गड्यांना शिव्या घालत असे, आणि मैसुरात मुलाकडे आले की लगेच खानदानी बाई होऊन चिकाच्या, बांबूच्या पडद्याच्या, मागे बसत असे. त्यात मला काही वावगं वाटत नसे. सगळ्याच तशा वागत.

असंच एकदा बांधावरून अनवाणी जाताना बाभळीचा काटा टाचेत मोडला. सुईने काढला, वर हळद भरली आणि विसरून गेले. काटे काय, रोजचेच. पुढच्या वर्षी तिथे गाठ आली. दुखेना, खुपेना. मग पाऊल जाड व्हायला लागलं, त्याला भोकं पडली, आणि त्या भोकांतून पाण्याबरोबर मोहरीएवढे काळे दाणे यायला लागले. मी ते बोटावर घेऊन बघत बसे. आपल्याच अंगातून मोहरी निघायची, म्हणजे हा काय प्रकार!

पाऊल दिसायला वारुळासारखं झालं आणि तिथेच आमच्या लोकांची बुद्धी अडकली. वारूळ म्हटलं की नाग आलाच. मी कधीतरी शेतातलं वारूळ मोडलं असणार, त्याचा हा कोप, असं गावच्या ज्योतिषांनी सांगितलं. सोनोजीरावांनी मोठ्या श्रद्धेने पिंपळाखाली नागाचा दगड बसवला, अभिषेक केला, ब्राह्मण जेवू घातले. मी वारूळ मोडलेलं नव्हतं. मी तसं म्हटलंही. तर ते म्हणाले, "वहिनी, तुम्हाला आठवत नसेल." माझ्या पायाखाली काय आलं ते मला आठवत नाही आणि यांना आठवतं! पण दगड बसला तो बसलाच. मग वैद्य झाले, लेप झाले, पाला बांधून झाला. पाय वाढतच गेला. त्याला घाण यायला लागली तशी माणसं माझ्यापासून जरा लांब बसू लागली.

शेवटी ताप भरला तेव्हा यशवंताने मला गाडीत घालून मैसुरात चामराजपुरमला आपल्या घरी आणलं. तो कचेरीत कारकून. त्याने नागाचं काही ऐकून घेतलं नाही, मोठ्या डॉक्टरांनाच घरी बोलावलं. इथवर मुलाने सगळं नीट केलं, हे लिहून ठेवते. पुढचं वाचून त्याला कुणी वाईट म्हणू नये.

चिकाखालून

डॉक्टर आले तेव्हा मी चिकाच्या आत आणि ते बाहेर. माझ्या सुनेने, सुंदराने, चिक थोडा वर उचलला आणि माझा पाय पाटावर ठेवून खालून बाहेर सरकवला. डॉक्टरांनी पाय पाहिला. त्यांनी मला पाहिलं नाही, मी त्यांना पाहिलं नाही. बाजारात भोपळा पुढे करावा तसा तो पाय पुढे केलेला. मला हसूही येत होतं आणि भीतीही वाटत होती.

डॉक्टर कन्नड माणूस. माझं कन्नड असं आहे की गडी माझ्यापुढे उभे राहत नसत. पण हे दोघे बोलले ते इंग्रजीत. डॉक्टर काहीतरी विचारायचे आणि माझा मुलगा उत्तर द्यायचा. दुखतं का, कधीपासून, झोप लागते का, हेच विचारत असणार ना? मला झोप लागते का ते यशवंताला काय ठाऊक! मी आतून "काय म्हणतात रे?" म्हटलं की "थांब आई" एवढंच उत्तर.

आणि मग डॉक्टरांनी माझ्या नडगीवर, गुडघ्याच्या थोडं खाली, बोटाने एक आडवी रेघ ओढली. बोट गार होतं. या बाजूपासून त्या बाजूपर्यंत, सावकाश. सुतार फळी कापण्याआधी खूण करतो तशी. इंग्रजी न येणाऱ्या बाईलाही तेवढं समजतं.

डॉक्टर गेल्यावर यशवंत आत आला. "मलम दिलंय आई. बरं होईल म्हणाले."

तो माझ्याकडे बघत नव्हता. मी नुसतं "बरं" म्हटलं.

बाहेरच्या खोलीतली सभा

त्या रविवारी सोनोजीराव आले. ते तेव्हा पेन्शनीत निघाले होते आणि घरातला मोठा शब्द त्यांचाच. दोघे बाहेरच्या खोलीत बसले, मी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून. आता मराठीत बोलत होते, तेव्हा सगळं ऐकू आलं.

"डॉक्टर पाय कापा म्हणतात," यशवंत म्हणाला. "मी नको म्हणून सांगितलं."

"बरोबर केलंस. या वयात कसलं कापाकापी? अर्धी बाई चितेवर ठेवायची काय?"

"आणि क्लोरोफार्मातून उठलीच नाही तर, काका? मी हो म्हणायचं आणि ती..."

मग बेत ठरला. मागची खोली मला द्यायची. एक बाई कामाला ठेवायची. खाटेखाली भांडं. मी उठायचं नाही, काही करायचं नाही, बसल्या जागी सगळं मिळेल. बन्नूरचं घर बंद करायचं, जमीन कुळाला लावायची. "वहिनींनी जन्मभर कष्ट केले, आता त्यांना सुखाने राहू दे," असं सोनोजीराव म्हणाले, आणि म्हणताना त्यांचा गळा भरून आला होता. वैरी असते तर मी उठून भांडले असते. ही माझीच माणसं, माझ्यासाठीच रडत होती.

मला मरणाची भीती वाटत नव्हती असं मुळीच नाही. वाटत होती, चांगली वाटत होती. पण त्या खाटेखालच्या भांड्याची भीती त्याहून मोठी होती. लाज सोडून लिहिते: मला माझी मी परसाकडे जायचं होतं. कुणाच्या हाताने नाही. मला चुलीपुढे बसून नाचणीचे मुद्दे, शिजवलेल्या पिठाचे गोळे, वळायचे होते. कालव्याला पाणी सुटलं का ते माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं. हा पाय ठेवून त्यातलं काही होणार नाही हे मला कळून चुकलं होतं. पाय गेला तर होईल का, एवढंच मला विचारायचं होतं. आणि ज्याला ते ठाऊक होतं तो माणूस चिकापलीकडे माझ्या मुलाशी इंग्रजीत बोलत होता.

सुंदरा चुलीशी होती. मी हळूच म्हटलं, "ऐकलंस ना?"

"ऐकलं, आत्याबाई." तिने हातातलं काम थांबवलं नाही. "मला तरी कुठे कुणी विचारलं, तुला जमेल का म्हणून?"

कामाची बाई येईल जाईल, पण ते भांडं शेवटी उचलायचं हिलाच होतं. आधी मला वाईट वाटलं. आपल्याच घरात आपण ओझं, असं कुणाला ऐकायला आवडतं? पण जरा वेळाने वाटलं, सगळ्या घरात खरं बोलणारं हे एकच माणूस आहे. त्या पायाला मलम लावताना या मुलीने नाकाला पदर कधी लावला नव्हता, हेही खरंच.

"डॉक्टर पुन्हा कधी येणार?"

"गुरुवारी."

"त्या दिवशी चिकाची दोरी जरा सैल बांध," मी म्हटलं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

गुरुवार

पुन्हा पाट, पुन्हा पाय बाहेर, पुन्हा इंग्रजी सुरू. मी थोडा वेळ ऐकून घेतलं. मग हात घातला आणि चिक वर सारला.

अय्यो! सुंदराच्या हातातलं तपेलं सांडलं. यशवंत उठून उभाच राहिला. मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि कन्नडात म्हटलं, "डॉक्टर, कन्नडात बोला. रेघ तुम्ही माझ्या पायावर ओढली होती, याच्या नाही."

डॉक्टर किरकोळ अंगाचे, चष्मा लावलेले, डोक्याला मैसुरी फेटा. त्यांनी आधी माझ्या मुलाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "अम्मा, तुम्हाला कापायचं नाही असं मुलाने सांगितलं."

"मला विचारलं तुम्ही?"

"मी म्हटलं होतं, विचारा. तुम्ही नको म्हणता असं ते म्हणाले."

यशवंत खाली बघत होता. तो खोटं बोलला असं मी म्हणणार नाही, कारण त्याला स्वतःला तसं वाटलंच नव्हतं. आमच्याकडे रीतच ती. पडद्यामागच्या बाईच्या वतीने बाहेरच्या पुरुषाने बोलायचं. सोयरीक ठरवताना तो बोलणार, कचेरीत तो बोलणार, दुकानात तोच. हजारदा तो माझ्या वतीने बोलला होता आणि मी कधी हरकत घेतली नव्हती. या खेपेलाही त्याने तसंच केलं. फरक एवढाच की या खेपेला मला वेगळं म्हणायचं होतं.

"मी मरेन का?" मी डॉक्टरांना विचारलं.

"वय आहे, अंगात ताप आहे. मरालही."

"आणि नाही कापला तर?"

"तर हे वर वर जात राहील. किती दिवस ते मला सांगता येणार नाही. पण ते दिवस बरे नसतील."

"कापल्यावर लाकडाच्या पायाने माझी मी परसाकडे जाईन का? चुलीपुढे बसता येईल का?"

पुढे वाकून त्यांनी माझा गुडघा हातात धरला, वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला. "लवकर कापला तर गुडघा राखता येईल. गुडघा राहिला तर बसाल, चालालही, पण शिकायला त्रास पडेल. मी कबूल करतो, मी याचा विचार केला नव्हता. मी फक्त जीव वाचेल का ते पाहत होतो."

"मग कापा," मी म्हटलं.

"आई!" यशवंत ओरडला. जन्मात तो माझ्यावर कधी ओरडला नव्हता. "लोक म्हणतील मुलाने आईचा पाय तोडवला!"

"मग मी सांगेन ना त्यांना, मी तोडवला म्हणून. तोंड तर कापत नाहीत ते!"

डॉक्टरांना हसू आलं असावं, त्यांनी चष्मा काढून पुसला. यशवंत मात्र निघून गेला. त्या दिवशी तो जेवला नाही, आणि सुंदरानेही मग घास घेतला नाही. मी हट्टाने जेवले.

सोनोजीरावांना कळलं तसे ते आले, दारातच उभे राहिले. "वहिनी, घराण्याची अब्रू आहे काही."

"भावजी, तुमच्या रिसाल्यातला शिपाई पाय तोडून परत आला तर तुम्ही त्याला मुजरा करता."

"तो रणात पडलेला असतो."

"मी काय गादीवर पडले होते? शेतात काटा लागला मला. त्याच शेताचं भात तुमच्या घरी जातं."

ते आल्या पावली परत गेले. मी आस्पत्रीत, म्हणजे इस्पितळात, गेले तरी पाय कापेपर्यंत फिरकले नाहीत. मी वाट पाहत होते, हे कुणाला सांगितलं नाही.

आस्पत्रीतले दिवस

आस्पत्रीत सगळ्याची वेळ ठरलेली. पहाटे फिनेलच्या पाण्याने फरशी पुसायची, मग घंटा, मग कांजी, मग डॉक्टरांची फेरी. माझं जेवण घरून यायचं, सुंदरा पितळेच्या डब्यातून आणायची. अंगावर आस्पत्रीचं लुगडं, जाडंभरडं, कुणाकुणाच्या अंगावरून आलेलं. पहिल्या दिवशी मला वाटलं, चिकातून निघाले ती या भिंतींत येऊन पडले.

पण एक सांगते. तिथली नर्स ख्रिस्ती मुलगी होती, कन्नड बोलणारी. ती सकाळी येऊन म्हणाली, "अज्जी, अंग आता पुसू की ऊन खिडकीत आल्यावर?" एवढंच. किती क्षुल्लक गोष्ट! आणि मला रडू कोसळलं. ती बिचारी घाबरली, कुठे दुखतंय का म्हणून विचारू लागली. काय सांगणार तिला? मी डोळे पुसले आणि म्हटलं, "ऊन आल्यावर."

शेजारच्या खाटेवर पुट्टम्मा होती, नंजनगूडकडची, माझ्याहून वयाने मोठी. तिच्या पोटात गाठ होती. डॉक्टर तिलाही कापून घे म्हणत होते आणि ती मान हलवून "बेडा" म्हणायची. नको. मला राहवेना. मी खाटेवरून तिला समजवायला लागले, अगं, जीव वाचेल, घाबरतेस काय, माझ्याकडे बघ, मी नाही का तयार झाले? तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू अगदी तुझ्या मुलासारखी बोलतेस."

मी कूस वळवून भिंतीकडे तोंड केलं. संध्याकाळी मी तिला विचारलं, "मग तुला काय पाहिजे?" तर म्हणाली, घरी जायचंय, अंगणात खाट टाकून पडायचंय, लेकीच्या हातची पेज प्यायचीय. तिची लेक आली आणि गाडीत पुष्कळ पेंढा घालून तिला घेऊन गेली. जाताना पुट्टम्माने माझ्या चांगल्या पायाला हात लावला. काही दिवसांनी ती गेल्याचं कळलं. अंगणातच गेली म्हणे, लेकीजवळ. मला फार वाईट वाटलं, पण तिच्यावर अन्याय झाला असं काही वाटलं नाही.

त्या दिवशी

ज्या सकाळी पाय कापायचा होता त्या सकाळी मी पार भेदरले. सगळा ताठा कुठल्या कुठे गेला. खरं वाटणार नाही, पण पळून जावं असं मनात आलं. त्या पायावर कुठे पळणार होते देव जाणे! डॉक्टर आले आणि म्हणाले, "अम्मा, अजूनही नको म्हणालात तर मी राग मानणार नाही."

"जरा थांबा," मी म्हटलं. आणि ते थांबले, खरोखर थांबले, खिडकीशी जाऊन उभे राहिले. मी यशवंताला बोलावून घेतलं. तो बाहेरच्या बाकावर बसलेला होता, डोळे सुजलेले.

मी त्याचा हात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मी उठले नाही तर ते याच्यावर नाही. हे मी ठरवलंय. नर्सबाई, तुम्ही ऐकलंत ना? डॉक्टर, तुम्हीही."

यशवंताने माझ्या हातावर डोकं टेकलं आणि लहानपणी रडायचा तसा रडला. मला वाटत होतं त्याला लोकांची भीती आहे. त्याला माझ्या मरणाचा धनी व्हायची भीती होती. मीही ते त्याला आधी विचारलं नव्हतं. मग तो उठला, खाटेची कड धरली आणि दारापर्यंत माझ्याबरोबर आला.

क्लोरोफार्मचा वास गोड असतो, पिकून सडलेल्या फळासारखा. छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं. "मोजा" म्हणाले, तेवढं आठवतं.

जागी झाले तेव्हा आधी तहान, मग ओकारी, मग दुखणं. बायांनो, दुखतं. खोटं सांगणार नाही. इतकं दुखतं की शहाणपण राहत नाही, मी नर्सला, डॉक्टरांना, देवाला, सगळ्यांना शिव्या दिल्या. आणि नसलेला अंगठा खाजतो. अजून खाजतो. हात खाली जातो आणि तिथे काही नसतं. खुंट्यावर उभं राहायला शिकताना मी सुंदराच्या अंगावर तीनदा कोसळले, एकदा तिचा दात हलला. पहिल्यांदा माझी मी परसाकडे जाऊन आले तेव्हा मात्र आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसून हसलो आणि रडलो.

पायाचं काय करायचं

यातलं एक सांगायचं राहिलं, ते कापल्याच्या दुसऱ्या दिवशीचं. डॉक्टर फेरीला आले, पट्टी पाहिली, आणि जरा घुटमळले. म्हणाले, "अम्मा, आम्ही एरवी विचारत नाही. पण विचारतो. त्या पायाचं काय करायचं?"

यशवंत शेजारी उभा होता. "आम्ही त्याचं..." असं म्हणून तो मध्येच थांबला आणि माझ्याकडे बघू लागला. जन्मभर ज्याच्यावर उभी राहिले त्याचं काय करायचं, हे कुणाला आधी सुचतं?

तेवढ्यात दारातून आवाज आला. "वहिनी, पाय मी नेतो."

सोनोजीराव होते. कधी येऊन उभे राहिले होते कोण जाणे. "कुठे न्यायचा ते तुम्ही सांगा."

मी म्हटलं, "बन्नूरला. तुमच्या दादांना जिथे अग्नी दिला तिथेच."

नर्सने पांढऱ्या कापडात बांधलेलं गाठोडं आणून दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि खांद्याशी धरलं. यशवंत गाडी आणायला धावला. दोघे काका-पुतणे तसेच बन्नूरला गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सोनोजीराव एकटे परत आले. स्नान करून आलेले, केस ओले. खाटेजवळच्या स्टुलावर बसले. मी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला, त्यांनी तो नुसता हातात धरून ठेवला.

"सगळं रीतीने केलं," ते म्हणाले. "दादांना सांगितलं, वहिनींनी स्वतः पाठवलाय म्हणून."

त्यांनी डोळे पुसले.

"आणि आता उरलेल्या तुमचं काय करायचं, वहिनी? तेही तुम्हीच सांगा."

"आज सांगितलं ते उद्या चालेलच असं नाही, भावजी," मी म्हटलं. "रोज विचारा."